लेकरांच्या चालीने: थकलेल्या ख्रिस्ती आईवडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर वावरात, नोकरीवर नाहीतर घरातच राबायचे, सांजच्याला पोरांना जेवू घालायचे आणि रात्री पवित्र शास्त्र उघडले की दुसऱ्याच ओळीवर डोळा लागायचा. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत असे आईवडील पुष्कळ आहेत. मोठ्याने सांगणारे मात्र थोडेच, कारण "याचा विश्वास कमी पडला" असे कोणी म्हणेल ही भीती असते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

बहुतेक उत्तरांच्या मागे उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायातला एक प्रसंग आहे. वीस वर्षांनी भेटलेला भाऊ एसाव याकोबाला म्हणतो, चल, बरोबरच निघू. याकोब म्हणतो, लेकरे नाजूक आहेत, पाजत्या मेंढ्या आणि गाई सोबत आहेत. एक दिवस जरी जास्त दामटले तर कळप मरेल. तुम्ही पुढे व्हा, मी लेकरांच्या चालीने हळूहळू येतो. ज्याच्या घरी ढोरंही आहेत आणि पोरंही, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. देवाबरोबरची चालही काही वर्षे याच वेगाची असते, आणि ती हलक्या प्रतीची नसते.

मी नुसता थकलोय की माझा विश्वासच थंडावलाय? कसं ओळखायचं?

आधी शरीराचा प्रश्न मिटवा. सलग दोन-तीन रात्री पुरेशी झोप आणि दोन वेळचे नीट जेवण मिळाल्यावर प्रार्थनेची ओढ थोडी जरी परत आली, तर तो थकवा होता. विसावा मिळूनही देवाचे नाव काढले की मन आखडत असेल, भजन सुरू झाले की उठून जावेसे वाटत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे: देवावरचा राग, न मिळालेले उत्तर, कोणाला न सांगितलेले पाप. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. तेव्हाही सुरुवात शरीरापासूनच करावी.

१ राजे १९ मध्ये एलीया झाडाखाली पडून "आता पुरे" म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो तेही खायलाच, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाशी बोलणे होते ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. हा क्रम लक्षात ठेवा: झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, आणि मग संवाद. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा लावला जातो. थकलेल्या माणसाला आधी रात्रभराच्या प्रार्थनेला बसवतात.

झोप घेऊनही अंगात त्राण नाही. प्रार्थना करून घेतली, तरी फरक नाही.

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. त्यात दम लागतो, चिडचिड होते, कशात मन लागत नाही, आणि हे सगळे "आत्मिक कोरडेपणा" म्हणून खपून जाते. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका. चहा आणि गोळी यांत किमान तासभराचे अंतर ठेवा, कारण चहाने लोह अंगात शोषले जात नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतल्या तर चांगल्या लागू पडतात. शौचाला काळसर होते म्हणून घाबरून गोळ्या सोडणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. ते नेहमीचेच आहे.

आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून ती तपासणी राहिली असेल तर तीही करा. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. थायरॉईडही एकदा पाहून घ्यावे.

बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येणे, बाळाकडे पाहवेनासे होणे, झोपायला मिळाले तरी झोप न येणे ही लक्षणे डॉक्टरला सांगायची आहेत. कोणी याला सैतानाचा हल्ला म्हटले तरी दवाखाना टाळू नका. प्रार्थना चालू ठेवा, औषधही चालू ठेवा.

पहाटे चारला उठून प्रार्थना केली नाही तर आशीर्वाद मिळत नाही का?

प्रभू येशू पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला गेला हे मार्क १:३५ मध्ये आहे. त्याच मार्कात ४:३८ ला तो वादळात नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपलेला आहे. पहिले वचन सगळ्यांना पाठ असते, दुसऱ्यावर प्रवचन क्वचितच होते.

पहाट चांगली, पण ती आदल्या रात्रीवर ठरते. नऊला झोपलेल्याने चारला उठावे. पंपाची लाईन रात्रीची असल्यामुळे दोन वाजेपर्यंत पाणी ओलणाऱ्या कास्तकाराने, किंवा रात्रीतून तीनदा बाळाला पाजणाऱ्या आईने, चारला उठू नये. मोठ्या माणसाला सात तास झोप लागतेच. तुकड्या-तुकड्यांनी मिळाली तरी बेरीज सातच्या आसपास जायला हवी. देव आपल्या प्रियांना झोप देतो, असे स्तोत्र १२७ सांगते. दिलेले दान घ्यावे.

मग नेमकी कधी, किती आणि कशी करायची?

नवी वेळ शोधू नका, ती सापडत नाही. रोज हमखास होणाऱ्या कामाला प्रार्थना बांधा: चूल पेटवणे किंवा गॅसवर चहा ठेवणे, नळाला पाणी आल्यावर भांडी भरणे, गोठा झाडणे, शाळेच्या वेण्या घालणे. एकच काम निवडा. दोन-तीन निवडली की आठवड्यात सगळीच सुटतात.

मजकूर म्हणून एका आठवड्याला एकच स्तोत्र घ्या, तेही लहान. रविवारी सांजेला त्यातली दोन वचने जुन्या कॅलेंडरच्या पानामागे मोठ्या अक्षरात लिहा आणि ज्या जागी ते काम होते तिथे डोळ्यांच्या उंचीवर लावा. चुलीजवळ लावायचे असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर धुराने आणि वाफेने चार दिवसांत शाई पसरते. सोमवार, मंगळवार नुसते वाचा. बुधवारी न पाहता म्हणून बघा. गुरुवारपासून त्याच शब्दांत आपल्या घराची नावे घालून ते देवाला म्हणा. चहा उकळेपर्यंत जेवढे होईल तेवढे.

स्तोत्रे निवडताना हे लक्षात घ्या: सकाळसाठी ३, रात्रीसाठी ४, तक्रार असेल तर १३, प्रवासाला किंवा दूरच्या पोरासाठी १२१, आणि अगदीच काही उरले नसेल तर ११७, त्यात दोनच वचने आहेत. लहान लेकरे असणाऱ्यांनी १३१ सोडू नये. त्यात तीनच वचने, आणि त्यात जीव असा निवांत आहे जसे दूध तुटलेले लेकरू आईजवळ असते. ते आता दुधासाठी रडत नाही, नुसते टेकून असते. आईला हे चित्र आतून कळते.

हे बिघडते कुठे? जानेवारीत "वर्षभरात अख्खे बायबल" सुरू केले जाते. अध्याय १,१८९, म्हणजे रोज तीन ते चार. लेवीयापर्यंत गाडी रडतखडत जाते, मग चार दिवस चुकतात, सोळा अध्याय अंगावर येतात आणि पुस्तक कपाटात जाते. म्हणून नियम एकच: चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. आज जो दिवस आहे तिथून सुरू करायचे. निर्गम १६ मधला मान्ना, देवाने रानात रोज दिलेले अन्न, आठवा, दुसऱ्या दिवसासाठी साठवला की त्यात किडे पडत. कालची बाकी डोक्यावर घेऊन वाचणाऱ्याचेही तसेच होते.

वावरात काम करताना म्हटलेली प्रार्थना खरी धरायची का?

धरायची. कापसाच्या वेचणीत हात ओळखीच्या वाटेने चालतात आणि मन मोकळे असते. पऱ्हाटीच्या एका ओळीला एक नाव द्या: ही ओळ थोरल्यासाठी, पुढची सासूबाईंसाठी, त्यापुढची ज्याच्याशी धुऱ्यावरून बोलणे बंद आहे त्याच्यासाठी. ओळ संपेपर्यंत त्या माणसाबद्दल जे मनात येईल ते देवापुढे ठेवायचे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे रोवणीच्या वेळी बायका ओळीने वाकून गातातच. तिथे एक भजन ठरवून घेता येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत बांधली, ती अशी चालता-बोलता ओठांवर राहते.

दम लागलेला असेल तर श्वासाची प्रार्थना पुरते. श्वास घेताना "प्रभू येशू", सोडताना "माझ्यावर दया कर". दहा-बारा वेळा. कॅथलिक घरांत जपमाळेचा एकच भाग, दहा मण्यांचा, वावराच्या वाटेवर तीन-चार मिनिटांत होतो; पूर्ण माळेचा आग्रह धरून तीही सुटू देऊ नका.

फवारणी करताना, थ्रेशरवर आणि बंडी हाकताना मात्र लक्ष कामातच ठेवा. कानात काही घालू नका.

वाचायला जमत नाही. मोबाईलवर ऐकलं तर चालेल?

शेकडो वर्षे मंडळीने शास्त्र ऐकूनच घेतले आहे. मराठी पवित्र शास्त्र ऐकायला मिळते. बाजाराच्या दिवशी तालुक्याला रेंज चांगली असते तेव्हा एक पुस्तक उतरवून घ्या, सुरुवात मार्कापासून करा. सोळा अध्याय आहेत. दोन-तीन दिवसांच्या स्वयंपाकात सगळे शुभवर्तमान कानांवरून जाते. मग पुन्हा तेच. चौथ्यांदा ऐकताना ज्या ओळीवर हात थांबतो, ती त्या आठवड्याची ओळ.

मोबाईलने दोन घात होतात. पोरे झोपल्यावर "पाच मिनिटे" म्हणून हातात घेतलेला फोन साडेअकरा वाजवतो. चार्जर अंथरुणापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरा घात प्रार्थनेच्या ग्रुपांचा. दिवसाला दोनशे संदेश, प्रत्येकात आजारपण, अपघात, ऑपरेशन. सगळ्यांसाठी "आमेन" टाकता टाकता कोणासाठीच प्रार्थना होत नाही आणि छाती मात्र जड होते. एक ग्रुप ठेवा, बाकीचे आवाज बंद करा. सकाळी एकदा उघडून दोन नावे घ्या. तेवढीच तुमच्या वाट्याची.

घरची प्रार्थना रोज भांडणात संपते. काय चुकतं?

बहुधा वेळ, लांबी आणि सूर.

वेळ: जेवणानंतर पोरे पेंगतात आणि मोठ्यांचाही तोल जातो. भात चुलीवर असताना, जेवणाआधी बसा. लांबी: दहा मिनिटे, जास्तीत जास्त बारा. भजनाची दोन चरणे, सहा-आठ वचने, एक प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. प्रश्न सोपा ठेवा: "यात येशूने काय केलं?" किंवा "यातलं कोण तुला आवडलं?" उत्तर चुकले तरी दुरुस्त करत बसू नका.

सूर सगळ्यांत महत्त्वाचा. "प्रभू, या पोराला अभ्यासाची बुद्धी दे, दिवसभर मोबाईल बघतो" ही प्रार्थना देवाला नसते, पोराला असते. पोराला ते लगेच कळते आणि तो पुढच्या वेळी बसत नाही. प्रार्थनेतून कोणालाही टोमणा मारायचा नाही, हा घराचा नियम करा. तो आजीआजोबांनाही लागू.

चार वर्षांखालच्यांना बसवून ठेवू नका. त्यांच्यासाठी एक गाणे आणि झोपताना डोक्यावर हात ठेवून गणना ६:२४–२६ चा आशीर्वाद. अर्धे मिनिट लागते. दमलेल्या दिवशी बाकी सगळे राहू द्या, हे तेवढे ठेवा.

मुलांवर हात उचलला जातो. मग प्रार्थना करायची लाज वाटते.

हा प्रश्न बाया कुजबुजत विचारतात आणि पुरुष बहुधा विचारतच नाहीत.

आधी घड्याळ बघा. आठवडाभर लक्ष ठेवले तर दिसेल की बहुतेक मार सहा ते आठमध्ये पडतो. आई वावरातून आलेली असते, पोरे शाळेतून येऊन भुकेली असतात, चूल पेटायची असते, कधी लाईनही गेलेली असते. घरात पाय ठेवल्याबरोबर पोरांना मूठभर फुटाणे, मुरमुरे-गूळ किंवा सकाळची पोळी द्या आणि स्वतः एक तांब्या पाणी पिऊन पाच मिनिटे बसा. मग चूल. एवढ्या बदलाने बऱ्याच घरांचा निम्मा तंटा कमी होतो, कारण तो मुळात भुकेचा असतो.

हात उचलला गेलाच तर त्याच रात्री लेकराची माफी मागा. तिची तीन वाक्ये: "मी तुला मारलं. ते चुकलं. मला माफ कर." चौथे वाक्य "पण तू पण…" असे सुरू होते, ते बोलायचे नाही, लेकराची चूक उद्या वेगळी सांगा. मग लेकरासमोरच देवाची माफी मागा, दोन ओळींत. आईबाप देवापुढे वाकतात हे लेकराला शिकवावे लागत नाही, ते त्याला दिसते. कलस्सैकरांस पत्र ३:२१ बापांना सांगते की लेकरांना चिडवून खचवू नका.

मार रोजचा झाला असेल, वळ उठत असतील किंवा रागात स्वतःचे भान राहत नसेल, तर माफीने भागणार नाही. त्या क्षणी लेकराला शेजारी किंवा आजीकडे पाठवा आणि दुसऱ्याच दिवशी मदतीसाठी बोला. कुठे, ते पुढे दिले आहे.

कापसाच्या, सोयाबीनच्या हंगामात रविवार कसा पाळायचा? पाऊस आला तर माल जाईल.

निर्गम ३४:२१ मध्ये नेमके हेच आले आहे: नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी विसावा घे. म्हणजे तेव्हाही लोक हेच विचारत असणार.

सोंगलेले सोयाबीन उघड्यावर आहे आणि आभाळ भरून आले, तर जाऊन गंजी झाका. त्यात पाप नाही. खड्ड्यात पडलेले जनावर शब्बाथाला बाहेर काढावे असे प्रभूनेच म्हटले आहे. पण दर रविवारी आभाळ भरून येत नाही. हंगामात अख्खा दिवस जमत नसेल तर शनिवारी दिवेलागणीपासून रविवारी दुपारपर्यंतचा वेळ राखा. त्यासाठी शनिवारी चारच्या आत सरपण, पाणी, शाळेचे कपडे आणि ढोरांचा चारा करून ठेवा. ही तयारी एकट्या बाईवर पडली तर तिचा शनिवारच रविवार खाऊन टाकतो. कामे वाटून घ्या, नावानिशी.

मजुरीवर पोट असणाऱ्यांना रविवारचा रोज बुडवणे परवडत नाही. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांनी आठवड्यात ज्या दिवशी काम नसते ती दुपार राखावी, आणि मंडळीने त्या घरी सांजेची प्रार्थना न्यावी.

चर्च वीस किलोमीटर लांब आहे. दोन लहान पोरं घेऊन दर आठवड्याला जाणं होत नाही.

महिन्यातून दोन रविवार ठरवा आणि ते मोडू नका. त्यातला एक प्रभुभोजनाचा असू द्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, पण परतीची गाडी आधी विचारून ठेवा, कारण रविवारी फेऱ्या कमी असतात. उरलेल्या रविवारी गावातली किंवा शेजारच्या गावातली दोन घरे मिळून घरसभा घ्या. "जिथे दोघे किंवा तिघे" हे वचन आपल्याकडे बहुधा हजेरी कमी असली की आठवते. खेड्यातल्या कुटुंबाला ते खरोखर दिलेले आहे.

उपास करून नवचैतन्य मिळेल का?

अंगात ताकद असेल तर उपास चांगला. पाजणारी आई, गरोदर बाई, रक्तक्षय असलेले, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे यांनी जेवण सोडू नये. गोळी घेऊन उपाशी राहिले की साखर एकदम उतरते. घाम, थरथर, भोवळ. निर्जळी उपास एप्रिल-मे महिन्यांत वावरात जाणाऱ्या कोणीच करू नये. पारा ४५ च्या वर जातो तिथे पाणी सोडणे म्हणजे उन्हाची झळ ओढवून घेणे.

लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, चाळीस दिवस हरभरा-गव्हाच्या काढणीत आणि परीक्षांच्या धामधुमीत येतात. त्या काळात चहा, मोबाईल, टीव्हीवरची मालिका किंवा दुसऱ्याविषयी बोलणे यांतले एक सोडा. शेवटचे सोडणे सगळ्यांत कठीण.

एक दिवस तरी एकांतात जावंसं वाटतं. कसं जमवायचं?

अर्धा दिवस धरा, तो जमतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी आठ ते बारा, उन्हाळ्यात सहा ते नऊ. जागा आपलेच वावर चालेल, पण जिथे काम दिसणार नाही असा कोपरा: निंबाखाली, आंब्याखाली, नाल्याकाठी. मेळघाटाजवळ राहणाऱ्यांना चिखलदरा आहेच, सुमारे १,१०० मीटर उंचीवर. मात्र त्यासाठी खर्च आणि प्रवास लागतो आणि माणूस थकूनच पोचतो. सोबत दोन लिटर पाणी, भाकर, पवित्र शास्त्र, वही, पेन. फोन घरी ठेवा किंवा बंद करा, आणि कुठे जाताय ते एका माणसाला सांगून जा. बाईने एकटीने फार आडबाजूला जाऊ नये. मैत्रीण घ्या आणि हाकेच्या अंतरावर बसा.

पहिला तास काही करू नका. झोप आली तर झोपा. दुसऱ्या तासात एकच उतारा, तीनदा. तिसऱ्यात वहीत लिहा: मला काय जड झाले आहे, यातले काय देवाने दिले आणि काय मीच ओढून घेतले. उरलेला वेळ गप्प बसा किंवा गा.

मध्येच घरून निरोप आला तर दिवस वाया गेला असे समजू नका. मार्क ६:३१ मध्ये शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती म्हणून प्रभू त्यांना एकांती घेऊन निघाला, आणि ते पोचायच्या आधीच लोक तिथे जमले. त्यांना विसावा मिळाला असेल तो नावेतल्या प्रवासाचाच.

जोडीदार मदत करत नाही, किंवा विश्वासात नाही.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विश्वासात नसलेला नवरा पोरांना खेळवू शकतो, पाणी भरू शकतो. त्याला प्रार्थनेला ओढण्याऐवजी अर्धा तास मागा. "मला मदत करा" असे म्हटल्याने काही होत नाही. "साडेसात ते आठ पोरांना तुम्ही बघा" असे म्हणा. घरात दोन देव्हारे असतील तर पोरांसमोर एकमेकांच्या श्रद्धेची टिंगल होऊ देऊ नका. १ करिंथ ७ मध्ये पौल अशा घराला मोडायला सांगत नाही.

विश्वासू म्हणवणारा नवरा उठून ताटही उचलत नसेल, तर त्याला प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो योहान १३ वाचायला द्या. मंडळीतल्या वडिलांनी हे पुलपिटावरून बोलावे. बाईच्या तोंडून ते भांडण ठरते. मारहाण होत असेल तर ती सोसणे म्हणजे वधस्तंभ वाहणे नव्हे. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तातडीला ११२.

मदत मागायला संकोच वाटतो. लोकांना आपापलं थोडं आहे का?

मोशेलाही वाटत असावा. गणना ११ मध्ये तो देवाला म्हणतो, दाई तान्ह्या लेकराला वाहते तसे या सगळ्या लोकांना मी एकट्याने उरी धरून वाहू का? देव त्याला आणखी जोर लाव म्हणत नाही, सत्तर वडील जोडून देतो. निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो त्याला आधीच म्हणाला होता, असे केलेस तर तू झिजशील आणि लोकही झिजतील.

तीन घरांची जोडणी करा, चारची नको. चौथ्या घरापासून हिशेब बिघडतो. आठवड्यातून एक सांज एका घराने तिन्ही घरची पोरे दोन तास सांभाळायची, पाळीपाळीने. त्या दोन तासांत उरलेल्यांनी घरकाम काढायचे नाही, ही अट आधीच बोलून ठेवा. पोरे मोठी झालेली एखादी मावशी किंवा काकू यात आली तर फार चांगले. त्यांना वेळ असतो, आणि त्या वर्षांतून त्या पार झालेल्या असतात.

पीक गेलं, कर्ज डोक्यावर आहे. देवाला हाकही मारवत नाही.

मग रडा, तक्रार करा. स्तोत्र १३ "किती वेळ?" या प्रश्नाने सुरू होते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी उजेड नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. हबक्कूकाच्या शेवटी अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही असे एकेक नाव घेऊन सांगितले आहे. कास्तकाराची याहून नेमकी प्रार्थना शोधून सापडणार नाही. त्यापुढची आनंदाची ओळ आज म्हणवत नसेल तर तिथेच थांबा. तुमच्याऐवजी ती ओळ कोणीतरी म्हणेल. मंडळी त्यासाठीच असते.

घरातला माणूस गप्प झाला, जेवण सोडले, "माझ्यानंतर" अशी भाषा सुरू झाली, व्यवहार आवरायला लागला, तर एकटे सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार वाढत नाही, बोलायला वाट मिळते. फवारणीचे औषध त्याच दिवशी घराबाहेर काढून कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. रागावर ताबा राहत नसेल, झोप उडाली असेल, बाळंतपणानंतरची उदासी असेल, तरी हाच क्रमांक. आशाताईंनाही सांगता येते.

नाताळ आला की आनंदाऐवजी धडकी भरते.

कारण तो वेचणीच्या ऐन भरात येतो. वर रात्रभर कॅरल, फराळ, नवे कपडे, पाहुणे. करंज्या, चकल्या, अनारसे यांतले दोनच पदार्थ करा आणि ते शेजारणींसोबत एका बैठकीत उरका. कॅरलवाल्यांना चहाऐवजी गूळ-शेंगदाणे चालतात. लहान लेकरे असलेल्या घरी कॅरल नऊच्या आत यावे, असे तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवा, ते ऐकतात. त्याआधीच्या चार रविवारी, आगमनकाळात, एक मेणबत्ती लावून एक मिनिट गप्प बसलात तरी पुष्कळ झाले.

थोरला मुलगा चर्चला यायला नाही म्हणतो. आमच्यामुळेच झालं का?

थोडे तुमच्यामुळे, थोडे वयामुळे, थोडे शाळेतल्या सोबत्यांमुळे. ओढून नेऊ नका आणि घरातून त्याचे नावही टाकू नका. रविवारी दुपारचे त्याच्या आवडीचे जेवण चालू ठेवा. त्याच्यासाठीची ओळ वेचणीत म्हणत राहा, त्याला ऐकवू नका.

पाळकांना हे सगळं सांगावं का? ते उपदेशच करतील.

सांगावे, पण काय हवे ते पहिल्याच वाक्यात सांगून: "पाळकसाहेब, आज सल्ला नको. दहा मिनिटं ऐका आणि शेवटी माझ्यासाठी प्रार्थना करा." बहुतेकांना याने सुटल्यासारखेच वाटते, सहा-सात गावे सांभाळणारा पाळकही दमलेला असतो. कॅथलिकांना फादरांकडे पापनिवेदनाची सोय आहेच. बायकांना पाळकांच्या पत्नीशी बोलणे सोपे जात असेल तर तिथे जावे.

जाण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: किती दिवसांपासून, दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कोणती, आणि कोणाला कळू नये. तिसरी मोठ्याने वाचून दाखवा. नाहीतर पुढच्या रविवारी तुमचे घर "प्रार्थना विनंती" म्हणून सगळ्या मंडळीपुढे येते, कोणाचाही वाईट हेतू नसताना. आणि उठण्याआधी दुसऱ्या भेटीची तारीख ठरवून घ्या, बाजाराचा दिवस सोडून.